संमती एकाची, माहिती अनेकांची

चि. पुतणीस,


समाजमाध्यमांवर खाते उघडावे की नाही, हा तुझ्या पत्रातला प्रश्न केवळ लाभ-हानीचा हिशेब मांडून सुटणारा नाही. कारण जी माहिती दिल्यामुळे या माध्यमांचा लाभ होतो, तीच त्यांच्यातल्या धोक्याचेही मूळ असते. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, ऑक्सिजन आणि रुग्णालयातील खाटा शोधणाऱ्या कुटुंबांनी रुग्णाचे नाव, वय, प्रकृती आणि नातेवाइकांचा फोन क्रमांक ट्विटर व व्हॉट्सॲपवर टाकला आणि अनोळखी माणसे त्यांच्या मदतीला धावली. अशी हाक देणाऱ्या नागरिकांवर कारवाई करू नये, असे ३० एप्रिल २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयानेही बजावले. तथापि संकट टळल्यावरही तो क्रमांक आणि त्या आजाराची नोंद फिरत राहू शकते, आणि ज्याच्याविषयी ती माहिती असते, त्या रुग्णाला अनेकदा काही विचारलेलेही नसते.

खासगीपणाचा खरा पेच येथेच आहे. 'माझी माहिती, माझी मर्जी' हे सूत्र समाजमाध्यमांना पुरे पडत नाही, हे केंब्रिज ॲनालिटिका या ब्रिटिश राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणाने मार्च २०१८ मध्ये जगासमोर आणले. अलेक्झांडर कोगन या संशोधकाने व्यक्तिमत्त्व-चाचणीचे एक ॲप तयार केले होते. त्या काळच्या फेसबुकच्या रचनेत चाचणी देणाऱ्याने परवानगी दिली की त्याच्या मित्रयादीतील माणसांचीही माहिती ॲपला मिळत असे, आणि ती पुढे या कंपनीकडे गेली. फेसबुकनेच दिलेल्या आकड्यांनुसार भारतात हे ॲप केवळ ३३५ जणांनी घेतले होते, परंतु ज्यांची माहिती त्यातून गेली असण्याची शक्यता होती, अशा भारतीयांची संख्या ५,६२,४५५ होती. जगभरात ती ८ कोटी ७० लाखांपर्यंत होती. भारतात तर संमती मूठभरांनी दिली आणि माहिती लाखोंची धोक्यात आली.

शिवाय जे सांगितलेले नाही, तेही कळते. वापरकर्त्याच्या पसंती, ओळखी आणि हालचाली एकत्र करून त्याच्या स्वभावाविषयी व प्रवृत्तीविषयी अनुमान बांधण्याला 'प्रोफाइलिंग' म्हणतात. फेसबुकवरील केवळ 'लाइक'वरून माणसाची राजकीय मते, धर्म व लैंगिक कल यांचा बऱ्याच अचूकतेने अंदाज बांधता येतो, असे केंब्रिज विद्यापीठातील मिखाल कोसिन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले होते.

कायद्याचे संरक्षण आहे, पण त्याला मर्यादा आहेत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या खंडपीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्क मानले, आणि २०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. हा कायदा कंपन्यांवर बंधने घालतो. मात्र एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला तो लागू होत नाही, आणि जी माहिती माणसाने स्वतःच जाहीर केली, तीही त्याच्या कक्षेबाहेर राहते. म्हणजे मैत्रिणीचे छायाचित्र, आजीचा वैद्यकीय अहवाल किंवा भाच्याच्या शाळेचे नाव कुटुंबाच्या गटात टाकताना कायदा आडवा येत नाही. तेथे फक्त टाकणाऱ्याचा विवेकच आडवा येऊ शकतो.

म्हणून खाते अवश्य उघडावे, दूरच्या माणसांशी आणि विचारांशी नाते जोडावे. पण ॲपला संपर्कयादी उघडून देण्यापूर्वी, ठिकाण दाखवण्यापूर्वी आणि दुसऱ्याविषयी काहीही लिहिण्यापूर्वी संबंधित माणसांना विचारावे. स्वतःच्या खासगीपणाची काळजी घेणे ही सावधगिरी आहे. दुसऱ्याच्या खासगीपणाची काळजी घेणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, आणि ते तुझ्या हातून चुकू नये, एवढीच अपेक्षा.

कळावे, लोभ असावा.
काका