साबणाच्या पापुद्र्यातला काळा पट्टा

तळेगाव स्टेशन भागात मी बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो. वेव्ह ऑप्टिक्स शिकवायला मावळातला पाऊस फार उपयोगी पडतो. ओल्या रस्त्यावर गाडीतलं ऑइल गळतं, पाण्यावर त्याचा पापुद्रा पसरतो आणि जांभळी-हिरवी वलयं उमटतात. पापुद्र्याच्या वरच्या आणि खालच्या पृष्ठभागावरून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळतो, एवढं मुलांना ठाऊक असतं. एका मुलीनं विचारलं, "सर, खिडकीच्या काचेलाही दोन पृष्ठभाग आहेतच की. तिच्यात रंग का नाही दिसत?"

लोकांच्या पैशापैशातून 1908 साली पैसा फंडाचा काच कारखाना उभा राहिला तो याच गावात. इथल्या मुलीनं काचेबद्दल असा प्रश्न विचारावा, याचा मला मनापासून आनंद झाला. उत्तर जाडीत आहे. चार मिलिमीटर काचेतून जाऊन परतणारा हिरवा प्रकाश वीस हजारांहून जास्त तरंगलांबींनी मागे पडतो. एवढ्या फरकात जांभळ्यापासून तांबड्यापर्यंत हजारो छटा एकदम उजळतात, त्यांच्यामधल्या तितक्याच विझतात आणि डोळ्याला सगळं मिळून पांढरंच दिसतं. रंग दिसायला जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास किंवा त्याहून कमी लागते.

मग वर्गात तारेचं कडं करून साबणाच्या पाण्यात बुडवलं आणि काळ्या कापडासमोर उभं धरलं. पाणी खाली ओघळू लागलं तसे गुलाबी-हिरवे आडवे पट्टे सरकू लागले. त्यांच्या वर पिवळसर, त्याच्याही वर चंदेरी आणि अगदी टोकाला काळा पट्टा. "सर, वरून फुटला!" एक जण ओरडला. मी कोरड्या पेन्सिलीचं टोक त्या काळ्या भागाला लावायला सांगितलं. लावताक्षणी सगळा पापुद्रा फुटला. म्हणजे तोवर तो तिथे होताच.

हा काळा भाग न्यूटननं 'ऑप्टिक्स' या 1704 सालच्या ग्रंथात नोंदवला आहे. तिथे पापुद्रा इतका पातळ होतो की दोन किरणांच्या वाटेत फरकच उरत नाही. खरं तर तो लख्ख दिसायला हवा. पण हवेतून साबणपाण्यावर आपटून परतताना तरंग उलटतो, शिखराची दरी होते; पाण्यातून हवेच्या सीमेवर परतताना उलटत नाही. म्हणून दोघं एकमेकांना खोडतात.

या उलटण्यामुळे सूत्रात येणारी अर्धी तरंगलांबी मुलं घोकतात आणि कॅमेऱ्याच्या भिंगावरच्या मॅग्नेशियम फ्लोराइडच्या थराला अडखळतात, कारण तिथे दोन्हीकडे तरंग उलटतो. माझं ठाम मत आहे की आधी काळा पट्टा दाखवावा आणि सूत्र नंतर फळ्यावर लिहावं.

घरात बारावीचं मूल असेल तर भांड्यांच्या साबणात थोडं ग्लिसरीन घाला, तारेचं कडं बुडवा, मागे काळं कापड धरा आणि पापुद्र्याच्या वरच्या टोकाकडे त्याला नीट बघायला लावा.