आज नोंद पिकाची नाही, मनगटाची

कपाशीची पहिली वेचणी सुरू आहे, बोंडं बरी फुटलीत. त्याचं नंतर लिहिते. वेचणीचे फोटो पाहून बऱ्याच जणांनी विचारलं, ताई, उजवा हात असा ताठ का धरता? म्हणून ही नोंद.

मला रुमॅटॉइड संधिवात आहे. वयाने गुडघे झिजतात तो हा नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यावर उठते. 2013 साली उजव्या मनगटाचं ऑपरेशन झालं. सांधा कायमचा जोडून टाकला, आत धातूची पट्टी आणि स्क्रू. दुखणं जाईल, पण मनगट पुन्हा वाकणार नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं.

बारा वर्षांचा हिशेब सांगते. दुखणं गेलं ते गेलंच. मूठ घट्ट बसते, पाण्याची बादली उचलते. तळहात वर-खाली फिरतो, कारण ते फिरणं कोपर ते मनगट या दोन हाडांचं असतं. हे माहीत नव्हतं, उगीच घाबरले होते. बोटं चालतात म्हणून कापूस वेचता येतो, खालच्या बोंडांसाठी मात्र अख्खी वाकते. म्हशीची धार सोडली. खुरप्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून ती जाड केली. दांड्याचा पंप जाऊन बॅटरीचा आला. वेणी सूनबाई घालते.

ऑपरेशनने मनगट सुटलं, आजार नाही. बरं वाटतंय म्हणून मध्ये दोन वर्षं गोळ्या बंद केल्या. चूक माझीच. त्यातच डावं मनगट बिघडलं. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची, चुकून रोज घेतली तर जिवावर बेततं. म्हणून ह्यांनी कॅलेंडरवर दर सोमवारी खूण केलीय, फवारणीच्या तारखांशेजारी.

आता प्रश्न डाव्याचा. दोन्ही मनगटं ताठ झाली तर अंग धुणंसुद्धा अवघड. कृत्रिम सांधा वाकतो, पण शेतातल्या जड कामाने तो हाडात सैल होण्याची भीती. म्हणजे वाकणारा हात हवा की कामाचा? थोडीच हाडं जोडून थोडी हालचाल राखता येते, पण त्यासाठी मनगटाचा मधला सांधा शाबूत लागतो. तो आहे का, ते पुढच्या महिन्यात एक्स-रेत दिसेल. तुरीला तेव्हा शेंगा धरलेल्या असतील. यंदा कापणीला मजूर बघा, एवढं ह्यांना सांगून ठेवलंय.