झिंग्याचं घड्याळ

ऐंशीच्या दशकात बी.एस्सी.ला झूऑलॉजी घेतलेल्या नागपूरच्या पोरापोरींना सदरचा मंगळवारी बाजार पाठ होता. प्रॅक्टिकलसाठी झिंगे तिथूनच आणायचे. मासळीवाली मावशी टोपलीवरचं ओलं फडकं सारून विचारायची, “कापाकापीसाठी का वं, पोरी?” आणि मोठे मोठे निवडून द्यायची. झिंगे रात्रीच का धरतात, असं विचारलं की म्हणायची, “दिवसभर गोट्याखाली रायते, रातच्यानं काठाले येते.”

सिव्हिल लाइन्समधल्या आमच्या कॉलेजात तोच झिंगा मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी पक्का व्हायचा. जर्नलमध्ये त्याचं नाव पॅलिमॉन. गोदावरी खोऱ्यातल्या या मोठ्या झिंग्याला आता मॅक्रोब्रॅकियम माल्कमसोनी म्हणतात. परीक्षेत हमखास यायचं ते स्टॅटोसिस्टचं माउंटिंग. छोट्या मिशीचं बूड हलक्या हाताने सोलायचं, आतली इवलीशी पिशवी ब्रशने उचलून स्लाइडवर ठेवायची. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातले वाळूचे कण दिसले की जीव भांड्यात पडायचा. या कणांच्या भाराने झिंग्याला वर-खाली कळतं. डोळ्याचा दांडा मात्र ट्रेमध्ये तसाच पडून राही. त्यात एक्स ऑर्गन आणि सायनस ग्रंथी असते, इतकं नोट्समध्ये होतं. पुढे काही नाही.

खरी गोष्ट त्या दांड्यातच होती. १९७६ साली त्यातल्या एका हार्मोनची रचना उलगडली, अवघ्या अठरा अमिनो आम्लांची साखळी. कवचधारी प्राण्यांच्या डोळ्यातलं रंगद्रव्य उजेड-अंधारानुसार सरकवणारं हे हार्मोन. पुढे कळलं, की फळमाशीच्या मेंदूतल्या दिवस-रात्रीचं घड्याळ चालवणाऱ्या पेशी ज्या रेणूच्या मदतीने एकमेकींशी ताळमेळ राखतात, तो याच कुळातला. त्याआधीच, १९७१ मध्ये, कोनोप्का आणि बेंझर यांनी त्याच माशीत दिवसाचं चक्र बिघडवणारे बदल शोधले. १९८४ मध्ये पिरियड हे जनुक वेगळं काढलं गेलं, म्हणजे आम्ही ट्रेवर वाकून बसायचो त्याच सुमारास. २०१७ चं नोबेल याच कामाला मिळालं.

यंत्रणा विलक्षण देखणी आहे. क्लॉक आणि सायकल ही प्रथिनं पिरियड, टाइमलेस यांसारखी जनुकं चालू करतात. त्यांच्यापासून बनलेली प्रथिनं साठत जातात, केंद्रकात परततात आणि स्वतःचीच निर्मिती बंद पाडतात. ती विरली की चाक पुन्हा फिरतं. एका फेरीला साधारण चोवीस तास. २००६ मध्ये क्लॉक जनुक सापडलं ते मॅक्रोब्रॅकियम रोझेनबर्गी या झिंग्यात, आपल्या पॅलिमॉनच्या अगदी जवळच्या भाऊबंदात! अंटार्क्टिकच्या क्रिलमध्ये तर क्रिप्टोक्रोम या घड्याळातल्या प्रथिनाचे दोन्ही प्रकार आहेत, एक माशीसारखा प्रकाश टिपणारा आणि दुसरा सस्तन प्राण्यांसारखा घड्याळाला लगाम घालणारा. दिवसा गोट्याखाली, रात्री काठाला, हे मावशीचं वाक्य इतक्या खोलवर खरं होतं.

आज सदर ओळखू येत नाही. तेव्हा सिनेमाचा शेवटचा खेळ सुटला की रस्ता अंधारात जायचा. आता २०२० पासून डोक्यावर उड्डाणपूल आहे आणि रात्रभर दिवे. इतक्या उजेडाने घड्याळं चुकतात, माणसांचीही आणि पाण्यातल्या जिवांचीही. कॉलेजातली कापाकापी यूजीसीने २०१४ मध्ये बंद केली. योग्यच केलं, एका पिशवीसाठी किती जीव गेले! पण बदल्यात मुलांच्या हाती आलं ते केवळ पडद्यावरचं चित्र. पिरियड, टाइमलेस ही नावं त्यांना आमच्यापेक्षा शंभरपट नीट येतात, पण जिवंत झिंगा दगडाआडून कसा निघतो हे पाहिलेली मुलं मला फारशी भेटत नाहीत.

म्हणून झूऑलॉजी शिकवणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. प्रयोगशाळेत काचेची एक टाकी ठेवा, तळाला वाळू आणि दोन-चार गोटे, त्यात जिवंत झिंगे. रात्री मंद लाल दिवा लावा आणि मुलांना दर तासाला किती झिंगे बाहेर आले ते वहीत मांडायला सांगा. सुरी लागत नाही, परवानगीचाही फार व्याप नाही. जनुकांचा तक्ता त्यानंतर दाखवा.