एका पट्ट्याचा संसार

आमच्या वीस वर्षांच्या गाडीत अल्टरनेटर, पाण्याचा पंप, स्टिअरिंग, एसी ही सारी मंडळी एकाच लांब पट्ट्याच्या जिवावर जगतात. आमची शाखा शिपायाच्या जिवावर चालते तशी. तो तुटला की बॅटरी उपाशी, स्टिअरिंग जड नि इंजिन तापलेले! पट्ट्याला भेगा दिसल्या आणि आठवड्यावर आंबा घाट. रविवारी, इंजिन थंड असताना, घरीच बदलायचे ठरले.

पट्टा कोणत्या पुलीवरून कसा वळतो, त्याचे चित्र आधी काढून ठेवावे लागते. सौभाग्यवतींनी ते रांगोळीच्या वहीत काढले. पट्टा ताणून धरतो तो टेन्शनर (बँकेत हे खाते साहेबांकडे असते). मी लांब पान्याने तो मागे रेटून धरला. खाचेत खाच बसवत पट्टा तिनेच चढवला. गाडी सुरू झाली, चूं की चां नाही.

"वहिनी," शेजारचे भाऊसाहेब म्हणाले, "आमच्याही गाडीचं बघता का जरा?"

पाना माझ्याच हातात होता.