पंधरा तारखेच्या आत

नालासोपाऱ्याचा माणूस सकाळी चर्चगेटला जायला निघतो आणि आधी विरारची गाडी पकडतो. विरार उलट्या दिशेला. एक स्टेशन मागे जायचं, खिडकी नाही तर निदान चौथी सीट धरायची आणि गाडी परत सुटली की बसल्या जागी आपल्याच स्टेशनावरून पुढे जायचं, याला लोकलच्या भाषेत ‘रिटर्न येणं’ म्हणतात. अंबरनाथचे लोक असेच बदलापूरला जातात. विरारकरांच्या लेखी हे आयत्या बिळावरचे नागोबा, त्यामुळे डब्यात बाचाबाची होते, पण प्रथा काही मोडत नाही. घड्याळाच्या हिशेबाने हा शुद्ध तोटा आहे. ज्याला प्रवासाचा त्रास होतो तो प्रवास लांबवतो, हे शहाण्या माणसाचं लक्षण कसं म्हणावं? पण स्वीडनमध्ये उल्फ लुंडबर्ग या संशोधकाने १९७६ साली नेमकं हेच मोजलं होतं. स्टॉकहोमला जाणाऱ्या लोकलमध्ये पहिल्या स्टेशनावर चढणाऱ्यांचा प्रवास बराच लांबचा, मधल्या स्टेशनावर चढणाऱ्यांचा त्याहून पुष्कळ कमी. तरी लघवीतल्या ॲड्रिनलिनचं प्रमाण मधून चढणाऱ्यांमध्ये जास्त निघालं. पहिल्या स्टेशनावरच्या माणसाला रिकामा डबा मिळतो. कुठे बसायचं, कोणाशेजारी बसायचं, पिशवी कुठे ठेवायची हे तो ठरवतो. मधे चढणाऱ्याच्या वाट्याला उरेल ते येतं. नालासोपाऱ्याच्या माणसाने स्वीडनचा प्रबंध वाचलेला नसतो, पण वीस-पंचवीस मिनिटं देऊन आपण काय विकत घेतो आहोत हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

रोजच्या ताणाबद्दल मला जे म्हणायचं आहे ते एवढ्यात आलं. आपण ताणाचा हिशेब कामाच्या वजनावर मांडतो, आणि तिथेच चुकतो. या चुकीत शब्दाचाही हात आहे. ‘स्ट्रेस’ हा यंत्रविद्येत रुळलेला शब्द. हान्स सेल्ये यांनी १९३६ साली ‘नेचर’मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांचं एक छोटं टिपण छापलं आणि पुढे शरीराच्या त्या अवस्थेला हे नाव चिकटवलं. लोखंडाच्या कांबीवर भार टाकला की ती ताणली जाते, हे चित्र त्यामागे आहे. कांबीच्या बाबतीत उपाय दोनच: भार कमी करा, नाही तर कांब मजबूत करा. आपल्याला मिळणारे सगळे सल्ले या दोन रकान्यांत बसतात, कामं कमी करा किंवा मन खंबीर करा. पण हा शब्द येण्याआधी मराठी माणूस काय म्हणत होता? जीव टांगणीला लागला. घोर लागला. धाकधूक, धास्ती, घालमेल. यातल्या एकाही शब्दात ओझं नाही. सगळ्यांत वाट पाहणं आहे. ‘डोकं वर काढायला फुरसत नाही’ हे वाक्य माणसं थोड्या ऐटीतही म्हणतात. ‘जीव टांगणीला लागलाय’ असं ऐटीत म्हणणारा कोणी भेटायचा नाही.

ओझ्यापेक्षा हाती काही नसण्याचा ताण जास्त, या म्हणण्याला पहिला आक्षेप येतो तो वरिष्ठांकडून. ज्याच्या हाती निर्णय, त्याच्याच डोक्याला ताप जास्त, असं ते म्हणतात, आणि एके काळी विज्ञानही त्यांच्या बाजूने होतं. जोसेफ ब्रॅडी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९५८ साली माकडांच्या जोड्यांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध झाला. विजेचा झटका जोडीतल्या दोघांनाही सारखाच बसायचा, पण एकाच्या हाती दांडी होती. ती वेळेवर दाबली तर दोघांचाही झटका टळायचा. दांडीवाल्या माकडांना पोटात अल्सर झाले, बिनदांडीची ठणठणीत राहिली. ‘एक्झिक्युटिव्ह मंकी’ असं बारसंही झालं. साहेब लोकांना हा प्रयोग का आवडला असेल ते सांगायला नको. पुढे त्यातली गोम बाहेर आली: दांडी कोणाच्या हाती द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं नव्हतं, जी माकडं आधीच भराभर दांडी दाबत होती त्यांनाच साहेब केलं होतं. मुळात धास्तावलेली माकडं निवडली गेली होती. नंतर जे वाइस या संशोधकाने उंदरांवर हा प्रयोग नीट वाटणी करून केला, तेव्हा निकाल उलटा लागला. ज्यांच्या हाती उपाय होता त्यांना अल्सर कमी झाले. वाइस यांची पुढची नोंद मला अधिक मोलाची वाटते. उपाय हाती आहे, पण तो लागू पडला की नाही हे कळतच नाही, अशा स्थितीत उपाय करत राहणाऱ्या उंदराचे हाल वाढतात. अधिकार आणि जबाबदारी या दोन गोष्टी आपण एकाच दमात बोलतो, पण पोटातली जखम त्यांच्यात फरक करते.

माणसांचा पुरावा लंडनच्या सरकारी कचेऱ्यांतून आला. १९६७ साली सुरू झालेल्या व्हाइटहॉल पाहणीत सुमारे १८,००० पुरुष कर्मचारी होते. सगळे पक्क्या नोकरीतले, भुकेकंगाल कोणीच नाही. तरी सर्वांत खालच्या श्रेणीतला मृत्युदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाला. सिगारेट, रक्तदाब, कोलेस्टेरॉल हे सगळं हिशेबात धरूनही मोठा फरक उरलाच. १९८५ साली मायकेल मार्मट यांनी दुसरी पाहणी हाती घेतली, तीत स्त्रियाही होत्या, एकूण १०,३०८ जण. श्रेणीनुसार बदलणाऱ्या हृदयविकाराच्या प्रमाणाचा उलगडा करताना जी गोष्ट सर्वांत ठळकपणे पुढे आली ती म्हणजे आपल्या कामावर आपला किती ताबा आहे, ही. फायलींचा ढीग साहेबाच्या टेबलावरही होता; पण कुठली फाईल आधी उघडायची हे साहेब ठरवत होता.

याचा अर्थ कामाचे तास वाढले तरी हरकत नाही, असा कोणी काढू नये. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी २०२१ साली मांडलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ तास किंवा जास्त काम करणाऱ्यांना ३५-४० तासवाल्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी अधिक असतो. तेव्हा वजन खोटं नाही. माझं म्हणणं इतकंच की वजनावर हद्द घालणं हाही ताब्याचाच प्रश्न आहे, आणि हे महाराष्ट्रात फार आधी कळलेलं होतं. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेऊन मागण्या केल्या. रविवारी पूर्ण सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहाला सुरू व्हावं आणि सूर्यास्ताला थांबावं. पगार उशिरात उशिरा पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर जखमी झाल्यास भरपाई. ही यादी आजच्या नजरेने वाचली की चमकायला होतं. साडेसहा ते सूर्यास्त म्हणजे जवळपास बारा तास! काम हलकं करा अशी ही मागणी नव्हतीच मुळी. कधी सुरू, कधी बंद, पैसे कधी, हात गेला तर पुढे काय, हे आधी ठरवा, एवढंच तिचं म्हणणं होतं. पगार महिना महिना मागे ठेवायची तेव्हा गिरण्यांची रीत होती, आणि तोवर वाण्याच्या वहीवर घर चालायचं. पंधरा तारीख ठरली की त्या वहीवरची धास्ती ठरते. रविवार मिळायला मात्र १० जून १८९० उजाडावा लागला.

घराकडे वळलं की आक्षेप वेगळ्या तोंडाने येतो. घरात बाईचंच राज्य, तिला कोण हुकूम सोडणार? केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला २८९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ८८, तेही जे पुरुष घरकाम करतात तेवढेच धरून. पण या मिनिटांपेक्षा त्यांची जात पाहावी. नळाला पाणी किती वाजता येणार हे महापालिका ठरवते, डबा किती वाजता हवा हे दुसऱ्याची लोकल ठरवते, सासऱ्यांची औषधाची वेळ डॉक्टर ठरवतो, पाहुणे स्वतः ठरवतात. उरतो एक निर्णय: आज काय करायचं? तो ती विचारते आणि घरातून उत्तर येतं, ‘काहीही कर’. देणाऱ्याला हे औदार्य वाटतं. प्रत्यक्षात चार तोंडांच्या आवडीनिवडीची जबाबदारी तेवढी तिच्याकडे सरकवलेली असते, आणि चुकलं तर ताटावर कळतंच. जमलं तर मात्र कोणी काही बोलत नाही. वाइस यांचा तो उंदीर इथे आठवावा, उपमा कितीही बोचरी असली तरी.

सर्वांत आदरणीय आक्षेप मनाचा आहे. बाहेरचं जग कधी कोणाच्या हाती आलंय? मन ताब्यात ठेवा, श्वास पाहा, बाकी सोडून द्या. श्वासाने छातीची धडधड उतरते, ध्यानाने पुष्कळांना आराम पडतो, यात मला शंका नाही. पण इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरात काय काय असतं तेही पाहावं. फोन जमा. पहाटे चारला घंटा, त्यापुढचा प्रत्येक तास आखलेला. जेवण वेळेवर, तेही कोणी तरी वाढलेलं. बोलायचं नाही, म्हणजे कोणी काही विचारणारही नाही. साधनेचं श्रेय साधनेला द्यावंच, पण त्या शांततेतला थोडा वाटा या वेळापत्रकाचाही असावा असं मला वाटतं. घरी परतल्यावर ती का ओसरते, याचं उत्तरही मग फार खोल शोधावं लागत नाही. शिवाय हा उपदेश नेहमी वरून खाली जातो. पाळीचा तक्ता आदल्या रात्री बदलणारी कचेरीच दुपारी कर्मचाऱ्यांसाठी प्राणायामाचं सत्र ठेवते, तेव्हा कांब मजबूत करण्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडतो ते उघड आहे.

काही गोष्टी खरोखरच कोणाच्या हातात नसतात. पाऊस नसतो, आईचं आजारपण नसतं. पण न टळणारी अनिश्चितता आणि लादलेली अनिश्चितता यांत गल्लत करायचं कारण नाही. पाऊस पडला नाही तर कांदा उत्पादक दैवाला बोल लावतो. ८ डिसेंबर २०२३ रोजी लाल कांदा बाजारात येत असतानाच सरकारने निर्यात बंद केली, तेव्हा नाशिकच्या शेतकऱ्यांनी दैवाला बोल लावला नाही, लिलाव बंद पाडले. नोकरदारांच्या बाजूनेही थोडी हालचाल झाली. फ्रान्सने २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोनपासून सुटका हा हक्क मानला. सुप्रिया सुळे यांनी तशा हक्कासाठी खासगी विधेयक मांडलं, त्यावर २०१८ साल आहे आणि त्याचा कायदा झालेला नाही. तोवर जे करता येतं ते क्षुल्लक वाटेल इतकं साधं आहे. रात्री नऊला साहेबाचा निरोप येतो: ‘उद्या सकाळी जरा बोलू.’ त्यात ‘दिवाळीच्या सुट्टीच्या तक्त्याबद्दल’ एवढे शब्द वाढवायला काही पडत नाही, आणि एका माणसाची रात्र वाचते. घरात आठवड्याच्या स्वयंपाकाचा कागद रविवारी लिहून फ्रिजवर लावावा. ‘काहीही कर’ म्हणणाऱ्यांनी तेव्हाच तोंड उघडावं, नाही तर पुढचे सात दिवस मिटून ठेवावं. निदान दोन वारांपुढे बाईचं नाव नसावं. त्या दोन दिवशी आमटी खारट झाली तर होऊ द्यावी.