सांता क्रोचे आणि एक बोट

एका शास्त्रज्ञाच्या प्रेताची बोटे कापावीत, त्यांतील एक काचेच्या अंडाकृती पात्रात घालून संगमरवरी बैठकीवर लोकांपुढे मांडावे, आणि हे कृत्य त्याच्या वैऱ्यांनी नव्हे तर भक्तांनी करावे, या गोष्टीचा उलगडा फ्लॉरेन्स सोडून इतके दिवस लोटले तरी मला झालेला नाही.

तो दिवस तसा धावपळीचाच होता. ब्रुनेलेस्कीचा घुमट आम्ही खालूनच मान वर करून पाहिला. बाप्तिस्मागृहाची गिबर्तीची सोनेरी दारे पाहिली, आणि ती प्रतिकृती असून मूळ दारे संग्रहालयात आहेत हे पाहून झाल्यावर कळले. डेव्हिडपुढे उभे राहिलो, आणि त्याविषयी मी काही लिहावे अशी कोणाची अपेक्षा नसावी. दुपार कलू लागली तेव्हा आमचा जथा सांता क्रोचेच्या पायऱ्या चढला.

फ्रान्सिस्कन पंथाचे हे चर्च म्हणजे इटलीतील थोरांची स्मशानभूमीच. उजव्या भिंतीशी मायकेलअँजेलो. त्याच्यापुढे दान्तेची भव्य समाधी, पण ती रिकामी, कारण ज्याला या शहराने हद्दपार केले त्याच्या अस्थी राव्हेन्नाने अद्याप सोडलेल्या नाहीत. आणि मायकेलअँजेलोच्या बरोबर समोर, डाव्या भिंतीशी, हातात दुर्बीण घेतलेला गॅलिलिओ. पृथ्वी फिरते या मताच्या पुरस्काराबद्दल रोमच्या धर्मन्यायालयाने 1633 साली दोषी ठरविलेला हा मनुष्य शेवटपर्यंत आर्चेत्रीच्या घरी नजरकैदेत राहिला, आंधळा झाला, आणि 1642 च्या जानेवारीत वारला. तेव्हा त्याला चर्चच्या मुख्य दालनात पुरून वर संगमरवरी स्मारक उभारावे अशी ग्रँड ड्यूक फर्डिनांडची इच्छा होती, परंतु पोप आठवा अर्बन याचा विरोध आडवा आला आणि सरकार मुकाट्याने नमले. देह गेला एका बोळाच्या टोकाच्या चिंचोळ्या खोलीत, आणि तेथे तो तब्बल पंचाण्णव वर्षे पडून राहिला. पोप मेले, ड्यूक मेले. विव्हियानी नावाचा एकनिष्ठ शिष्य गुरूच्या स्मारकासाठी आयुष्यभर खटपट करून, मृत्युपत्रात त्यासाठी पैशाची तजवीज करून 1703 साली मेला आणि त्याच खोलीत गुरूशेजारी पुरला गेला. तरी हुकूम सुटेना. तो सुटला 1737 साली. (आमच्या तुकोबांनी सदेह वैकुंठाला जाऊन असल्या दप्तरदिरंगाईला वावच ठेवला नाही, हे एका परीने बरे झाले.)

खोली उघडली तेव्हा गुरुशिष्यांखेरीज तिसराही देह निघाला, आणि तो एका स्त्रीचा होता. ती गॅलिलिओची थोरली मुलगी व्हर्जिनिया, म्हणजे मठात घातल्यानंतरची मारिया चेलेस्ते, असे मानतात. बाप आणि तिची आई यांचा विवाह झालेला नव्हता, त्यामुळे मुलीचे लग्न जमणे कठीण, म्हणून तिला कोवळ्या वयात मठात धाडले. तेथून ती बापाला पत्रे लिही, त्याचे सदरे शिवी, त्याच्या औषधपाण्याची चिंता वाही, आणि बापाला शिक्षा झाल्याच्या दुसऱ्या वर्षी अवघ्या तेहतिसाव्या वर्षी वारली. तिचा देहही या नव्या समाधीत घातला गेला. हे सारे मी सौभाग्यवतीस मोठ्या हुरूपाने सांगत असता ती समाधीचा लेख न्याहाळीत होती.

"अहो, पण तिचं नाव कुठे आहे?"

नाव नाही. बापाचे आहे, आणि खगोलविद्या व भूमिती यांच्या मूर्तींनाही दोन बाजूंस ऐसपैस जागा मिळाली आहे. पोपने केलेल्या अन्यायावर ग्रंथ लिहिले गेले, खुद्द रोमने 1992 साली चूक पदरात घेतली. परंतु ज्यांनी समाधी बांधली त्या उदारमतवादी सज्जनांना दोन अक्षरे अधिक कोरावीशी वाटली नाहीत, याबद्दल कोणी कोणाकडे दाद मागावी?

पुढे आर्नोच्या काठी गॅलिलिओच्याच नावाचे संग्रहालय. ज्या भिंगातून 1610 च्या जानेवारीत गुरूचे चंद्र प्रथम दिसले ते तडकलेले भिंग तेथे हस्तिदंती चौकटीत आहे, आणि त्याच्यासमोर चिटपाखरू नव्हते. गर्दी सारी बोटांपुढे. देह नव्या समाधीत हलविला त्याच रात्री चाहत्यांनी तीन बोटे, एक दात व मणक्याचे एक हाड काढून घेतले. काचेच्या पात्रातले ते त्यांतील मधले बोट. अंगठा, तर्जनी व दात विसाव्या शतकात बेपत्ता होऊन 2009 च्या सुमारास एका लिलावातून पुन्हा प्रकट झाले. संतांच्या अस्थी पुजणाऱ्या धर्मपीठाशी ज्याचे भांडण, त्याच्याच अस्थींची ही पूजा! पोपने निदान देह अखंड ठेवला होता. जाणाऱ्यांनी प्रथम भिंगाकडे जावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. स्वतः मी मात्र बोटापुढे बराच वेळ उभा होतो, आणि बाहेर पडण्यापूर्वी ते आणखी एकदा पाहून आलो.

रस्त्याने या शहराला मी बरेच दूषण दिले. तेव्हा सौभाग्यवतीने, कोल्हापूरची माहेरवाशीण ती, तेथल्या राजाराम महाराजांची आठवण काढली. विलायतेहून परतताना 1870 च्या नोव्हेंबरात ते विशीतच येथे निवर्तले, तेव्हा दहन ही या मुलुखात अश्रुतपूर्व गोष्ट असूनही याच शहराने आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर त्यांच्या चितेला परवानगी दिली, आणि 1874 पासून तेथे छत्रीखाली त्यांचा पुतळा नावानिशी उभा आहे. माझ्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही छत्री पाहण्याचा विषय काढताच सहलीच्या व्यवस्थापकाने घड्याळ दाखविले. कार्यक्रमपत्रिकेत तिच्यासाठी वेळ नव्हता, कारण तो आधीच कातडी पाकिटांच्या एका दुकानाला बहाल झाला होता, आणि तेथे आम्ही पाऊण तास काढला.