सुभाषिताचा पहिला चरण

जुन्नरास संस्कृत शिकवीत असतां एक सुभाषित मीं शेंकडों मुलांकडून पाठ करून घेतलें. मुलाचें पांच वर्षें लालन करावें, पुढें दहा वर्षें ताडन करावें, आणि सोळावें लागलें म्हणजे त्याशीं मित्राप्रमाणें वागावें, हा त्याचा आशय वाचकांस ठाऊकच आहे. परंतु स्वतःच्या घरीं मीं पहिला चरण वगळून दुसऱ्यापासूनच आरंभ केला, हें साठी उलटल्यावर कबूल करणें भाग आहे.

माझा मुलगा चार वर्षांचा होता, तेव्हां पहांटे पाटावर बसवून मी त्याला शब्द चालवावयास लावीत असें. तो अडखळला कीं छडी जमिनीवर आपटे. लवकरच रूपें बिनचूक येऊं लागलीं. आल्यागेल्यांनीं वाहवा केली. त्याच सुमारास त्याचें ‘असें कां?’ हें विचारणें थांबलें. तिकडे कोणाचें लक्ष गेलें नाहीं. माझें तर नाहींच.

आतां नातू तीन वर्षांचा आहे. सूनबाई घोडेगांवची. गहूं निवडावयास बसली कीं ती त्याला जवळ घेते. खडा कोणता, दाणा कोणता, हें तो ओळखतो. पोळ्या मोजतो, वाट्या लहानमोठ्या क्रमानें लावतो. तो एक विचारतो, ती उत्तर देऊन त्याला दुसरें विचारते. मीं एकदां म्हटलें, “अग, त्यापेक्षां मुळाक्षरें तरी गिरवून घे.” ती हंसून म्हणाली, “मामंजी, अक्षरें कुठें पळून जात नाहींत. आधीं बोलूं द्या त्याला.”

ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस बालशिक्षणाचें काम आरंभिलें, तेव्हां आपल्याच जिल्ह्यांतील मोरगांवीं जन्मलेल्या अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. महागडीं साधनें बाजूस ठेवून शिंपले, बिया, पानें यांवर त्यांनीं मुलांना शिकविलें. मुलें शाळेंत येईनात, तेव्हां शाळाच त्यांच्या अंगणांत नेली. पुढें २ ऑक्टोबर १९७५ रोजीं सुरू झालेल्या सरकारी बालविकास योजनेंतील केंद्रांस ‘अंगणवाडी’ हेंच नांव मिळालें. सूनबाईचें सूप पाहतांना मला या दोघींची आठवण होते.

पहिल्या पांच-सहा वर्षांत मेंदूची वाढ सर्वांत झपाट्यानें होते, आणि तिला पोषक अन्नाइतकेंच माणसांचें बोलणें लागतें, असें शास्त्रज्ञहि सांगतात. एकत्र कुटुंबांत तें विपुल आहे. मात्र मूल गप्प बसावें म्हणून आपण त्याच्या हातीं मोबाइल देतों, तेव्हां माझ्या छडीचेंच काम तो गोडीगुलाबीनें करतो.

गेल्या संकष्टीस आम्ही लेण्याद्रीला गेलों. पायऱ्या चढतांना मीं सांगितलें कीं, गिरिजात्मज म्हणजे पार्वतीचा मुलगा. नातवानें विचारलें, “आजोबा, मग त्याची आई कुठें आहे?” पूर्वीं ‘गप्प चल’ म्हणालों असतों. मी पायरीवर टेंकलों आणि म्हणालों, “तुला काय वाटतें?”

“पोळ्या करीत असेल,” तो म्हणाला.

मागून मुलगा येत होता. तो जरा थांबून हळूच बोलला, “अण्णा, मला तुम्हीं कधीं असें विचारलें नाहीं.” त्याच्या स्वरांत राग नव्हता. मीं त्यास शेजारीं बसवून घेतलें. लालनाची वेळ केव्हांच टळली. सुभाषिताचा शेवटचा चरण तेवढा अजून माझ्या हातीं आहे.